पणजोबांच्या साडेचारशे पौंडांचे आज किती?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

वाईचं जुनं घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांची जमाखर्चाची वही सापडली. ते १९११ ते १९१४ लंडनला बॅरिस्टरीसाठी होते. पहिली पानं मोडीत आहेत, ती वाचून घेतली. पुढे बाळबोध आणि इंग्रजीची सरमिसळ. 'बोर्डिंग १-७-६', 'ओव्हरकोट २½ गि.', 'पोस्ट ०-०-१' अशा नोंदी. वर्षाला दीडशे पौंड, तीन वर्षांचे साडेचारशे. हे पैसे त्यांच्या थोरल्या भावाने पुरवले. मळ्याची वीस एकर सावकाराकडे गहाण टाकून ६,७५० रुपये काढले, दरमहा दरशेकडा बारा आणे व्याजाने. परत आल्यावर पणजोबांनी जानेवारी १९१६ पासून मार्च १९२७ पर्यंत दरमहा ५० रुपये भावाला दिले, त्याच्याही नोंदी आहेत. तरी १९३१ साली मळा सावकाराकडे गेलाच. पुढच्या वर्षी पणजीची गिन्यांची माळ मोडली. एकच गिनी उरली, १९१८ सालची. 'पणजोबांनी विलायतेहून आणलेली' म्हणून ती देवघरात असते.

वहीचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले आणि पस्तावले. थोरल्या घरचे दादा म्हणतात, 'त्या पैशांचे आज चार कोटी होतात, तुमचं घर आमच्या मळ्यावर उभं आहे.' माझ्या लेकाने इंटरनेटवर हिशेब केला तर पासष्ट लाखांच्या आसपास येतात. दुसऱ्या ठिकाणी अडीच कोटी. खरा आकडा कोणता? पेन्सच्या रकान्यावर इंग्रजी 'डी' का लिहिलंय? कुळवृत्तान्तात मी काय लिहू आणि दादांना काय सांगू?

— गोंधळलेली पणती, पुणे

उत्तर

पणतीताई,

तिन्ही आकडे बरोबर आहेत, आणि पंचाईत तीच आहे. तुमच्या पत्रात या तिन्हींपेक्षा महत्त्वाचा एक आकडा आहे, पण तो तुम्ही सहज जाता जाता लिहून गेला आहात. त्याच्याकडे येतेच. आधी 'डी'चं बघू.

जुन्या इंग्रजी हिशेबात १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. पेन्सला 'डी' लिहायचे ते रोमन लोकांच्या 'डिनेरियस' नाण्यावरून. रोमन गेले, अक्षर राहिलं. १५ फेब्रुवारी १९७१ ला इंग्लंडने हे सगळं मोडून पौंडाचे १०० नवे पेन्स केले. आपण आणे-पै त्याआधी चौदा वर्षं, १ एप्रिल १९५७ ला, सोडून मोकळे झालो होतो. तेव्हा '१-७-६' म्हणजे १ पौंड ७६ पेन्स नव्हे. ते १ पौंड, ७ शिलिंग, ६ पेन्स, म्हणजे आजच्या मोजणीत १ पौंड साडेसदतीस पेन्स. तुमच्या लेकाने रकाने कसे वाचले ते एकदा विचारा. ही चूक भल्याभल्यांकडून होते.

तुमच्या पणजोबांना मात्र हा हिशेब जड गेला नसणार. त्या काळी सरकारने रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स असा बांधून ठेवला होता. १८९३ साली हिंदुस्थानातल्या टांकसाळी चांदी आणणाऱ्यांसाठी बंद केल्या, आणि शतक संपता संपता हा दर पक्का झाला. १ शिलिंग ४ पेन्स म्हणजे १६ पेन्स, आणि रुपयाचे आणे १६. म्हणजे एक पेनी बरोबर एक आणा, आणि पौंडाचे १५ रुपये. 'पोस्ट ०-०-१' लिहिताना त्यांच्या मनात 'घरी पत्र, एक आणा' असंच आलं असेल. १८९८ पासून इंग्लंडहून हिंदुस्थानात साधं पत्र एका पेनीतच जात असे. ही सोय महायुद्धात बिघडली. दर वर चढला, १९२० साली २ शिलिंगांवर बांधायचा प्रयत्न फसला आणि १९२७ साली १ शिलिंग ६ पेन्स ठरला. या सगळ्या घोळावर बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला प्रबंध लिहिला, तो १९२३ साली छापला गेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रुपया पौंडाला किंवा सोन्याला बांधून स्थिर होत नाही. त्यात माल किती येतो ते स्थिर राहिलं तरच तो स्थिर. तुमच्या घरातलं भांडण नेमकं याच खुंटीवर लटकलेलं आहे.

आता 'गि.'. ही गिनी आणि देवघरातली गिनी वेगळी. इंग्रजांची गिनी २१ शिलिंगांची. तिचं नाणं १८१४ नंतर पाडलंच गेलं नाही, पण डॉक्टर, वकील, चांगले शिंपी आपली बिलं गिन्यांतच सांगत राहिले. पौंडापेक्षा शिलिंगभर जास्त, आणि ऐकायला खानदानी! पणजोबांचा कोट अडीच गिन्यांचा, म्हणजे २ पौंड १२ शिलिंग ६ पेन्स. आपल्याकडे माळेत ओवली जायची ती सॉव्हरिन, २० शिलिंगांची, आणि आपण तिलाच गिनी म्हणतो. सराफही म्हणतात. बोलताना म्हणा खुशाल, हिशेबात मिसळू नका.

तर, किती? १९११ च्या लंडनमध्ये चार पौंड वजनाचा पाव साडेपाच-सहा जुन्या पेन्सना मिळायचा. तेवढ्याच वजनाचा साधा पाव आज तिथल्या सुपरमार्केटात तीनेक पौंडांना पडतो. सहा जुने पेन्स म्हणजे आजचे अडीच. पाव सव्वाशे पट महाग झाला. पण टपालाचं तिकीट बघा. तेव्हा एक पेनी, आणि २०२५ मध्ये पहिल्या वर्गाचं तिकीट १ पौंड ७० पेन्स. ही झाली चारशे पटींहून जास्त वाढ. लंडनच्या बसचं छोट्या टप्प्याचं भाडं तेव्हा एक पेनी, २०२५ मध्ये १ पौंड ७५ पेन्स. पुन्हा चारशेच्या वरच.

एकाच देशातला एकच पौंड, मग पाव सव्वाशे पट आणि पोस्टमन चारशे पट कसा? यात गूढ काही नाही. पाव यंत्रावर होतो, गहू यंत्राने कापला जातो, पण पत्र टाकायला दारापर्यंत माणूसच यावा लागतो आणि बसही माणूसच चालवतो. ज्या गोष्टीत माणसाचे हात-पाय जास्त, ती मजुरीच्या मागोमाग चढली. लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या कष्टकरी घरांची १९०९ ते १९१३ मध्ये फेबियन या समाजवादी संस्थेतल्या बायकांनी घरोघर जाऊन पाहणी केली होती. नवरा-बायको आणि पोरंबाळं असं अख्खं घर तिथे आठवड्याला एका पौंडाच्या आसपास चालायचं, त्यातले सात-आठ शिलिंग भाड्यातच जायचे. बऱ्यापैकी कमावणाऱ्या कामगाराला पंचवीस-तीस शिलिंग मिळत. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये पूर्णवेळ नोकरदाराची मधली कमाई आठवड्याला सव्वासातशे पौंडांच्या आसपास होती. म्हणजे मजुरी पाचशे पटींच्या घरात वाढली.

सरकारी पैसे तर आणखी वेगळेच नाचतात. पार्लमेंटच्या सभासदांना पगार सुरू झाला तो १९११ मध्येच, वर्षाला ४०० पौंड. २०२५ मध्ये तो ९३,९०४ झाला, सुमारे २३५ पट. म्हाताऱ्यांचं पेन्शन १ जानेवारी १९०९ ला सुरू झालं, सत्तरी ओलांडलेल्या गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग. २०२५ मध्ये पूर्ण सरकारी पेन्शन आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स, म्हणजे ९२१ पट! आणि आयकर? तेव्हा वर्षाला १६० पौंडांपर्यंत कर नव्हता, आज १२,५७० पर्यंत नाही. जेमतेम ७९ पट. आता यातला कोणता आकडा 'खरा' म्हणायचा ते मलाही सांगता यायचं नाही. पाव, पोस्टमन, खासदार आणि म्हातारी यांनी वेगवेगळ्या वाटेने शंभर वर्षं काढली.

आता तुमच्या तीन आकड्यांचं मूळ. लेकाने महागाईचा निर्देशांक वापरला. बँक ऑफ इंग्लंडच्या संकेतस्थळावर असा कॅल्क्युलेटर आहे, थेट १२०९ सालापासूनचा. कोणता निर्देशांक घेता त्यावर उत्तर शंभर ते दीडशे पटींमध्ये कुठेही पडतं. सव्वाशे धरले तर ४५० चे ५६,२५० पौंड, आणि पौंड ११५ रुपये धरला तर पावणेपासष्ट लाखांच्या आसपास. अडीच कोटींवाल्याने मजुरी धरली. पाचशे पटींनी सव्वादोन लाख पौंड, म्हणजे अडीच कोटींच्या थोडं वर. (ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराचाही एक सुरेख कॅल्क्युलेटर आहे. तो त्या रकमेत किती घोडे, किती गाई, कारागिराचे किती दिवस येत तेही सांगतो. पण त्याचा 'आज' २०१७ ला थांबलेला आहे, लेकाला सांगा.)

आणि दादांनी सोनं धरलं, हे मी पैजेवर सांगते. तेव्हाचा पौंड म्हणजे एक सॉव्हरिन, तीत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. ४५० सॉव्हरिनांचं सव्वातीन किलोंहून थोडं जास्त. दहा ग्रॅमला सव्वा लाख भाव धरला की चार कोटी बारा लाख. हिशेबात चूक नाही. पण पणजोबांनी लंडनला सोनं साठवलं नव्हतं. त्यांनी पाव खाल्ला, कोट शिवला, खोलीचं भाडं भरलं. आणखी एक रीत आहे, त्या रकमेचा देशाच्या एकूण उत्पन्नात वाटा किती होता तो धरायचा. ती हजार पटींहून वर जाते आणि पाच कोटी ओलांडते. दादांना एवढ्यात कळवू नका.

मला विचाराल तर आजचा आकडा काढण्यापेक्षा तेव्हाच्या लंडनमध्ये दीडशे पौंडवाला कुठे बसायचा ते बघणं जास्त उपयोगाचं. आयकराच्या रेषेच्या दहा पौंड खाली. लॅम्बेथच्या घराला वर्षाला बावन्न पौंडांत पाच-सहा तोंडं भरायची, आणि पणजोबा एकटे दीडशेत. म्हणजे चैन नव्हे, पण कारकुनाच्या, शाळामास्तराच्या अंगणातलं राहणं. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांशी ताडून बघायचं तर पॅरिसला राहणारे देशभक्त जवाहिरे सरदारसिंह राणा यांनी जाहीर केलेल्या शिष्यवृत्त्या २,००० रुपयांच्या होत्या. त्यातलीच 'शिवाजी' शिष्यवृत्ती घेऊन सावरकर १९०६ साली लंडनला गेले. पंधराच्या दराने १३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. त्याआधी, १८९० च्या सुमारास, गांधीजींनी खर्चाला कात्री लावून खाणं दिवसाला सव्वा शिलिंगात बसवलं होतं. ओटची लापशी, कोको आणि पाव. तुमच्या पणजोबांचं बोर्डिंग आठवड्याला साडेसत्तावीस शिलिंग, म्हणजे वर्षाचे साडेएकाहत्तर पौंड, जवळजवळ निम्मी रक्कम. उरलेल्यात इनची (बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेची) फी, तिथली ठरावीक जेवणं (बॅरिस्टर व्हायला ती खावीच लागत, हजेरी तिथेच लागे), पुस्तकं, कपडे, कोळसा.

त्या ओव्हरकोटाशी मी बराच वेळ घुटमळले. पावाच्या हिशेबाने तो आजचा सव्वातीनशे पौंडांचा होतो, मजुरीच्या हिशेबाने तेराशेचा. आणि आज लंडनच्या कोणत्याही मोठ्या दुकानात बरा कोट शंभरेक पौंडांत टांगलेला असतो! तेव्हा तो माप घेऊन शिवलेला, लॅम्बेथच्या घराच्या अडीच आठवड्यांच्या कमाईएवढा, आणि म्हणूनच जन्मभर वापरायचा. उलट बोर्डिंग बघा. पावाच्या हिशेबाने आठवड्याचे १७२ पौंड होतात, आणि तेवढ्यात आज लंडनमध्ये बरी खोली मिळायची मारामार, दोन वेळचं जेवण तर सोडूनच द्या. वस्तू स्वस्त झाल्या. जागा आणि माणूस महाग झाले. तेव्हा काही शे पौंडांत लंडनच्या उपनगरात चाळवजा रांगेतलं घर विकत मिळे, आज लंडनच्या घराची सरासरी किंमत पाच लाख पौंडांच्या वर आहे. पणजोबांनी तीन वर्षांच्या पैशांत तिथे घर घेतलं असतं तर हे पत्र दादांनी लिहिलं असतं, की तुम्ही, ते देव जाणे.

आणखी एक गोष्ट, जी कॅल्क्युलेटर सांगत नाही. हे शंभर-सव्वाशे पट सारख्या पावलांनी झालं नाही. १७५० पासून १९३८ पर्यंत, जवळजवळ दोनशे वर्षांत, ब्रिटनमधले भाव तिपटीच्या थोडं वर गेले, बस्स. मधे चढले, मधे उतरलेही. नंतरच्या पासष्ट वर्षांत, २००३ पर्यंत, ते चाळीस पटींहून जास्त वाढले. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या पिढीला पौंड ही हलणारी वस्तू वाटतच नव्हती. आजोबांच्या वेळचा पौंड आणि नातवाच्या वेळचा पौंड साधारण एकच, अशी त्यांची खात्री. तिला पहिला तडा पहिल्या महायुद्धाने दिला. १९१४ ते १९२० मध्ये तिथले भाव जवळजवळ अडीचपट झाले, आणि इकडेही महागाईने लोक हैराण झाले. मग भाव पुन्हा उतरले. हे लक्षात ठेवा, कारण आता मी तुमच्या वहीच्या शेवटच्या पानांकडे वळते.

दरमहा दरशेकडा बारा आणे. तुम्ही हा तपशील लिहिलात याबद्दल तुमचे आभार मानायला हवेत. ६,७५० रुपयांवर महिन्याचं व्याज काढा. शंभराला बारा आणे, म्हणजे साडेसदुसष्ट वेळा बारा आणे. ८१० आणे. ५० रुपये १० आणे.

आणि पणजोबा पाठवत होते ५० रुपये.

जानेवारी १९१६ ते मार्च १९२७ चे महिने मोजा, १३५ भरतात. १३५ गुणिले ५० बरोबर ६,७५०. पैपैशाने मुद्दल. पणजोबांनी घेतले तेवढे परत केले आणि मार्च १९२७ ला समाधानाने हात झटकले. तुमच्या घरात म्हणूनच 'आम्ही फेडलं' असं सांगतात ना? थोरल्या घरी वही वेगळी होती. तिथे येणारा प्रत्येक पन्नास रुपयांचा हप्ता सावकाराच्या व्याजात जात होता, वर दहा आणे पदरचे घालून. मुद्दल अकरा वर्षांत जागची हलली नाही. पहिल्या चार-साडेचार वर्षांचं व्याज तर थोरल्यांनी एकट्यानेच ओढलं, दरसाल ६०७ रुपये ८ आणे, आणि तेच १९२७ नंतर पुन्हा त्यांच्या गळ्यात आलं. दामदुपटीचा नियमही (व्याज मुद्दलाहून जास्त मागता येत नाही, हा) इथे कामाचा नाही. तो थकलेल्या व्याजाला लगाम घालतो, आणि हा माणूस व्याज भरत होता. सावकाराने मधे काही सोडलं असेल, कागद बदलला असेल, तर गहाणखतावर आणि जुन्या फेरफारांत दिसेल. ते मिळेपर्यंत मी म्हणते तो हिशेब फक्त तुमच्या वहीपुरता धरा. पण दोन भाऊ शेवटपर्यंत खरं बोलत असूनही एकमेकांना खोटे वाटले असतील, एवढं या दहा आण्यांवरून दिसतं.

१९३१ चं कोडंही यातच सुटतं. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. सावकाराचे ५० रुपये १० आणे तेच, पण ते उभे करायला आता कितीतरी जास्त पोती विकायची. म्हणजे रुपयाची खरेदीची ताकद वाढली, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज त्याच्या उरावर बसली. आपण महागाईलाच शिव्या देतो, पण कर्जबाजारी शेतकऱ्याला स्वस्ताई मारते. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रिटनने पौंडाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली. पौंड घसरला, त्याला बांधलेला रुपयाही घसरला, सोन्याचा भाव रुपयात चढला, आणि देशभरच्या अडलेल्या घरांतलं सोनं निघालं. बांगड्या, पुतळ्या, गिन्या मुंबईला आणि तिथून बोटींनी विलायतेला. तुमच्या पणजीची माळ १९३२ ला मोडली म्हणता. ती एकटी नव्हती. पण माळ धाकट्या घरची, आणि मोडली थोरल्यांचा मळा गेल्यावर लगेच पुढच्या वर्षी. ती कशासाठी मोडली हे वहीत किंवा कुणा म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीत सापडतं का बघा. थोरल्या घरच्या एखाद्या मुलीच्या लग्नाला गेली असली तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण तो माझा तर्क आहे, कुळवृत्तान्तात घालू नका.

कुळवृत्तान्तात घालायचं ते असं: रक्कम तेव्हाच्याच चलनात, ४५० पौंड म्हणजे ६,७५० रुपये. तिच्याशेजारी त्याच वहीतल्या दोन-तीन किमती, बोर्डिंग, कोट, तिकीट. मग वीस एकर, व्याजाचा दर, १३५ हप्ते, १९३१. आजचा आकडा द्यायचाच मोह झाला तर 'पावाच्या हिशेबाने' किंवा 'मजुरीच्या हिशेबाने' असं लावल्याशिवाय देऊ नका, आणि कोणत्या सालचा तेही लिहा. दहा वर्षांनी पुस्तक वाचणाऱ्याचा 'आज' वेगळा असेल. पौंडाचं उत्तर ११५ ने गुणून रुपयात आणलं ते मी फक्त तुमचे आकडे तपासायला. ते छापू नका. त्यात ब्रिटनची महागाई आणि आजचा विनिमय दर यांची खिचडी होते, वाईच्या संसाराचं त्यात काहीच येत नाही. पैसा वाईच्या मातीतून निघाला होता, लंडनला तो फक्त खर्च झाला.

दादांचं म्हणाल, तर चार कोटींवर वाद घालू नका. सोन्याच्या भावाने मळ्याचं मोल ठरत नाही आणि पावाच्या भावानेही नाही. त्यांच्या घरचं गेलं ते वीस एकर, तेव्हा त्या वीस एकराचं आज काय आहे, कोण कसतंय, की तिथे प्लॉट पडलेत, हे त्यांनाच विचारा. कायद्याने मागण्याजोगं यात काही उरलेलं नाही, मुदत केव्हाच उलटून गेली. कुणी नोटिशीची भाषा केलीच तर मात्र मला नाही, वकिलाला लिहा. पण 'आम्ही सगळं फेडलं' हे वाक्य तुमच्या बाजूने आता बंद करा. ग्रुपवर नको, फोनवरही नको. वही घेऊन वाईला जा, त्यांना समोर बसवा आणि तो ५० रुपये १० आण्यांचा हिशेब तुमच्याच हाताने मांडून दाखवा. ऐंशी-नव्वद वर्षं त्यांच्या घरात जे नुसतं ठुसठुसत होतं ते धाकट्या घराने स्वतःहून कागदावर आणलं, याची किंमत कोणत्या निर्देशांकाने काढायची ते मला ठाऊक नाही. पण चार कोटींचा विषय त्या बैठकीत पुन्हा निघणार नाही असं वाटतं.

जाताना देवघरातली गिनीही न्या. पणजोबा परतले १९१४ ला आणि नाणं १९१८ चं. शिवाय १९१८ साली लंडनच्या टांकसाळीने सॉव्हरिन पाडलीच नाही. त्या वर्षीच्या सॉव्हरिन ऑस्ट्रेलियातल्या, कॅनडातल्या, आणि मुंबईतल्या. हो, मुंबईत रॉयल मिंटची शाखा तेवढ्यापुरती उघडली होती, आणि तिने फक्त १९१८ सालच्या सॉव्हरिन काढल्या. भिंग घ्या. नाण्याच्या घोडेस्वार असलेल्या बाजूवर, वर्षाच्या आकड्याच्या जरा वर, जमिनीच्या रेषेवर मधोमध एक बारीक इंग्रजी अक्षर असेल. ते 'आय' निघालं तर ती गिनी विलायतेची नव्हे, मुंबईची. कोणतं निघालं ते मला कळवा.